कातकामातील ‘लांबी’ : एक शब्द, दोन प्रश्न

पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब या सर्व वस्तू लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार धरल्याने सिद्ध होतात. आजच्या लहान लेथवर काम करणाऱ्यास यातील एक अडचण वारंवार जाणवते. लेथच्या दोन अणींमधील अंतर ठरलेले असते व त्याहून लांब लाकूड तीत बसत नाही. ही अडचण यंत्राच्या लहानपणाची आहे, असे सहजच वाटते. लेथचा इतिहासही बहुधा दोरी, कमान, लवचीक काठी, चाक, लोखंड आणि वीज अशा चढत्या पायऱ्यांनी सांगितला जातो; त्यामुळे यंत्र सुधारत गेले तशी कातता येणारी लांबीही वाढत गेली असावी, असा समज होतो. उपलब्ध पुरावा या समजाला पुष्टी देत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होय. मराठीत ‘कातणे’ ही क्रिया सुताची आहे, तशीच लाकडाचीही आहे. संस्कृतात ‘कृत्’ असे दोन समोच्चारित धातू आढळतात. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा सूत कातणे. लाकडाच्या कातकामात छेदन आणि भ्रमण ही दोन्ही एकाच वेळी घडतात. म्हणून केवळ अर्थाच्या आधारे यांपैकी एका धातूकडे बोट दाखविणे कठीण आहे. संस्कृतातील ‘भ्रम’ व ‘भ्रमि’ हे शब्द फिरण्यावरून आले आहेत. विश्वकर्म्याने सूर्याला भ्रमीवर चढवून त्याचे तेज तासले, ही विष्णुपुराणातील कथा प्रसिद्धच आहे. हिंदीतील ‘खराद’ फारसीच्या वाटेने ज्या अरबी धातूकडे जातो, त्यात सोलून काढण्याचा अर्थ आहे. या शब्दांनी नाव दिले आहे ते फिरण्याला किंवा तासण्याला. यंत्राच्या बैठकीला नाही.

लांबीचा सर्वांत बोलका प्राचीन उल्लेख पाली वाङ्मयात सापडतो. मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात श्वासाचे अवधान समजावून देताना कुशल ‘भमकारा’चा, म्हणजे कातार्‍याचा, दृष्टान्त योजला आहे. लांब ओढ घेताना ती लांब आहे व आखूड ओढ घेताना ती आखूड आहे, हे त्यास कळत असते. येथील ‘दीघ’ हे विशेषण लाकडाचे नसून दोरीच्या ओढीचे आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या अट्ठकथेवरून हे स्पष्ट होते. भेरीसारखी मोठी वस्तू कातताना हातपाय पसरून लांब ओढ घ्यावी लागते आणि हस्तिदंताच्या बारीक वस्तूला हळूहळू आखूड ओढ पुरते, असे तेथे स्पष्टीकरण आहे. यामागे यंत्रशास्त्र आहे. दोरीचा वेढा लाकडावरच पडत असल्याने एका फेऱ्याला लागणारी दोरी लाकडाच्या परिघाएवढी असते. म्हणून ओढीची लांबी ठरते ती लाकडाच्या जाडीवरून. लाकडाच्या स्वतःच्या लांबीचा प्रश्न निराळा असून तो दोन आधारांमधील अंतराशी निगडित आहे.

हा दुसरा प्रश्न भारतीय कारागिराने कसा सोडविला, याचे तपशीलवार वर्णन १८८० च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या होल्टझापफेल यांच्या कातकामविषयक ग्रंथाच्या चौथ्या खंडात आहे. कातारी आपले सारे साहित्य घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी येतो. कामाच्या लांबीस योग्य अशा अंतरावर तो जमिनीत दोन खड्डे खणतो, त्यांत आखूड खांब रोवून ते माती, दगड व पाचरी यांनी घट्ट करतो. खांबांत खिळ्यासारख्या अणी ठोकलेल्या असतात. हत्यार टेकविण्यासाठी एक दांडा खांबांना बांधला जातो आणि तो लांब असेल तर मध्ये एकदोन काठ्या रोवून त्यास टेकू दिला जातो. या रचनेत बेड हा भागच नाही. त्याचे काम जमीन करते. यंत्राला स्वतःची अशी लांबी नाही. ती प्रत्येक कामाबरोबर नव्याने ठरते.

युरोपात काठीच्या लेथला दोन समांतर तुळयांची बैठक असे. तिच्या फटीत आधाराचे ठोकळे पाचरीने बसवीत आणि पुढेमागे सरकवीत. मात्र तुळईच्या टोकापलीकडे जाणे शक्य नव्हते. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने धातुकामासाठी जी लेथ परिपूर्णतेस नेली, तीत बेडला नवे महत्त्व प्राप्त झाले. तेथे हत्यार यंत्रावरच बसविलेले असून ते बेडच्या कडेने सरकते. बेड सरळ नसेल तर कामही सरळ होणार नाही. लाकूडकामात हत्यार बहुधा हातात असते, ते बेडवरून सरकत नाही. तेथे बेडकडे उरते ते दोन अणी एका रेषेत व पक्क्या धरण्याचे काम. तथापि लोखंडी बेड लाकडाच्या लेथलाही लाभला आणि त्याबरोबर ठरीव लांबीही आली. याचाच अर्थ असा की, ‘आखूड लेथ’ ही प्राथमिक अवस्थेची खूण नसून बेडच्या इतिहासाची निष्पत्ती आहे.

म्हणूनच आजचा कारागीर बेडला जोडतुकडा लावतो किंवा मागील आधार त्याच उंचीच्या स्वतंत्र लाकडी बैठकीवर नेतो, तेव्हा तो नकळत दोन खांबांच्या तत्त्वाकडेच वळतो. एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. जुन्या रचनेत दोन्ही अणी स्थिर असल्याने लाकूड नेहमी त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवतीच फिरे. विजेच्या लेथमध्ये एक अणी स्वतः फिरते; तेव्हा दुसरी नेमकी तिच्याच अक्षावर आली पाहिजे.

आधार लांबविल्याने प्रश्न संपत नाही, कारण आता लाकूडच मर्यादा घालते. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर मध्यावरील त्याच दाबाने लाकूड आठपट वाकते आणि ज्या वेगाला ते धनुष्यासारखे झोल घेऊन फडफडू लागते तो वेग एक चतुर्थांशावर येतो. यास्तव वेग कमी करणे आणि मध्ये ‘स्टेडी’ नावाचा आधार देणे अपरिहार्य ठरते. दोरीवर चालणाऱ्या लेथचा वेग मुळातच कमी असल्याने तीत हे संकट सौम्य होते.

तिसरा मार्ग लांबी टाळण्याचा आहे. खांब दोन तुकड्यांत कातावा, एकाच्या टोकास कूस व दुसऱ्यात भोक ठेवावे आणि सांधा मण्यालगतच्या खाचेत आणावा, म्हणजे तो डोळ्यांस दिसत नाही. गुजरातेतील संखेडा येथील सागवानी, लाखकाम केलेले फर्निचर अशाच रीतीने कातीव तुकडे एकमेकांत बसवून उभे राहते. गुजरातीत लेथला ‘संघेडो’ म्हणतात आणि निर्दोष घडलेल्या वस्तूस ‘संघेडाउतार’, म्हणजे लेथवरून उतरलेली, असे विशेषण लावतात.

सारांश, कातकामातील लांबी ही एक गोष्ट नव्हे. भमकाराची ‘दीर्घ’ ओढ जाडीशी बांधलेली होती, खांबांमधील अंतर कामाशी आणि लोखंडी बेडची लांबी कारखान्याशी. या तिन्ही गोष्टींना एकच नाव देऊन त्यांची एक पायरीवार मालिका रचली, तर दारी येऊन खड्डे खणणारा कातारी सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन बसतो. वस्तुतः जो प्रश्न आज यंत्राला जोडतुकडे लावून सोडवावा लागतो, तो त्याच्या दोन खांबांपुढे कधी उभाच राहिला नव्हता.