रक्तबीज मरतो कसा?

रक्तबीजाची कथा आपल्या घरांतून नवरात्रात ऐकली जाते. त्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की तिथे नवा रक्तबीज उभा राही. शस्त्र चालवावे, तो शत्रूच वाढावेत! अखेर चामुंडेने रक्त भुईवर पडूच दिले नाही, तेव्हा तो संपला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या संगणक कक्षात ही कथा मला आठवली. नववीतल्या एका मुलाने लिनक्सवर स्वतःचीच नक्कल काढत राहणारा एक छोटा प्रोग्राम चालवला आणि यंत्र गोठले. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "सर, मीच केलं. आपोआप थांबेल असं वाटलं होतं."

मी इतिहासाचा माणूस. मला १९८८ साल आठवले. त्या वर्षी २ नोव्हेंबरला अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने इंटरनेटवर एक 'वर्म' सोडला. युनिक्सवर चालणाऱ्या सन व व्हॅक्स यंत्रांत तो टपालाच्या सेंडमेल प्रोग्राममधील फटीतून किंवा सोपे पासवर्ड ओळखून शिरे. फायली पुसणे हे त्याचे काम नव्हते. आपली नक्कल आधीच तिथे असेल तर बहुधा त्याने संपायचे, अशीही योजना होती. पण खोटी नक्कल दाखवून कुणी फसवू नये म्हणून सातांतून एकदा त्याने टिकून राहायचे होते. तिथेच हिशेब चुकला. एकेका यंत्रात नकलांची गर्दी होऊन, त्या वेळच्या ढोबळ अंदाजाने, सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली.

चालू नकला माराव्यात, तर शेजारच्या यंत्रातून नव्या येत. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, तरी तेच. मग बर्कली, एमआयटी व पर्ड्यू येथील मंडळींनी रात्री जागवल्या. सेंडमेलची फट बुजवण्यात आली. पर्ड्यूत तर फारच साधा तोडगा निघाला. वर्म एका तात्पुरत्या कप्प्यात ठरावीक नावाची फाईल उभी करी. त्याच नावाचा रिकामा फोल्डर तिथे आधीच करून ठेवला की त्याला जागाच मिळेना. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण सीट धरतो, तसेच! जागा अडली, मगच नकला मारणे कामी आले.

मॉरिसच्या मित्राने त्याच रात्री क्षमा व उपाय सांगणारा निनावी संदेश पाठवला होता. जाळे तुंबल्याने तो वेळेवर पोचला नाही. १९९० मध्ये मॉरिसला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला.

आमच्या मुलाला शाळेतून काढावे, असे काहींचे मत पडले. मी त्याला संगणक शिक्षकांजवळ बसवले. नकला एकेक करून मारल्या तर उरलेल्या नव्या काढतात. म्हणून सर्वांना आधी 'थांब' आणि मग 'संप' अशी आज्ञा द्यायची, हे तो शिकला. एका वापरकर्त्याने एका वेळी किती प्रोसेस चालवाव्यात याची मर्यादा लिनक्समध्ये घालता येते. ती आम्ही घातलीच नव्हती. चूक त्याची, पण दार उघडे ठेवणारे आम्ही. ती मर्यादा त्याच्याच हातून घालून घेतली आणि तिची सूचना त्याच्याच अक्षरात, मराठीत व कन्नडमध्ये, कक्षाच्या भिंतीवर लावली.

शिक्षा का नाही, असे पालकसभेत विचारले गेले. मी एवढेच सांगितले की हा मुलगा स्वतःच्या नावाने बोलला, आणि वेळेत बोलला.