शासकीय सांख्यिकीचे उपयोगकर्ते

शासनाने किंवा शासनाच्या अधिकाराने चालणाऱ्या संस्थेने लोकसंख्या, शेती, उद्योग, किंमती, रोजगार, आरोग्य इ. विषयांसंबंधी पद्धतशीरपणे गोळा करून प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीस शासकीय सांख्यिकी म्हणतात. ही आकडेवारी कोण तयार करतो, याइतकाच ती कोण वापरतो हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कारण कोणती माहिती गोळा करावयाची, ती कोणत्या वर्गवारीत मांडावयाची व किती तपशिलाने प्रसिद्ध करावयाची, हे बहुधा अपेक्षित उपयोगकर्त्यावरून ठरते. भारतातील शासकीय सांख्यिकीचा इतिहास पाहता असे दिसते, की आकडे एका उपयोगकर्त्यासाठी तयार झाले आणि त्यांचा सर्वांत परिणामकारक उपयोग पुष्कळदा दुसऱ्यानेच केला.

एकोणिसाव्या शतकात या आकडेवारीचा मुख्य उपयोगकर्ता ब्रिटिश प्रशासन हेच होते. जमीनमहसूल ठरविणे, दुष्काळाचा अंदाज घेणे, सैन्याची व रेल्वेची व्यवस्था लावणे यांसाठी प्रांतोप्रांतीचे वार्षिक प्रशासन अहवाल तयार होत. देशव्यापी जनगणनेचा पहिला प्रयत्न १८७२ च्या सुमारास झाला. सर्व प्रांतांत एकाच वेळी झालेली पहिली गणना १८८१ ची होय. त्याच वर्षी विल्यम हंटर याने संपादिलेला साम्राज्याचा गॅझेटिअर नऊ खंडांत प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे कामही याच काळात जेम्स कॅम्बेल याच्या देखरेखीखाली चालू होते. हे ग्रंथ मूलतः जिल्ह्यात नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्याच्या सोयीसाठी होते. रयतेने ते वाचावेत, अशी अपेक्षा नव्हती.

प्रशासनाबाहेरील पहिले मोठे उपयोगकर्ते म्हणून दादाभाई नवरोजी यांचा उल्लेख करावा लागेल. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध वाचला. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र पाहणी केली नाही. सरकारी अहवालांतील पिकांचे क्षेत्र, उत्पादन व किंमती यांवरूनच दरडोई वार्षिक उत्पन्न सु. २० रु. असल्याचे त्यांनी दाखविले. हे करताना अहवालांतील सरासऱ्यांचा दोषही त्यांनी उघड केला. निरनिराळ्या जिल्ह्यांचे आकडे मिळवून केवळ जिल्ह्यांच्या संख्येने भागले जात होते; कोणत्या जिल्ह्यात लागवड किती, याचा विचारच होत नव्हता. पुढे तुरुंगांच्या अहवालांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्यांनी या उत्पन्नाशेजारी मांडला. अपराध्याच्या निर्वाहास लागते तेवढेही सामान्य प्रजाजनाच्या वाट्यास येत नाही, हा निष्कर्ष सरकारच्याच कागदांतून निघाला आणि म्हणूनच तो नाकारणे अवघड गेले. सरकारलाही मग आपले अंदाज मांडावे लागले. १८८२ मध्ये बेरिंग व बार्बर यांनी दरडोई उत्पन्न २७ रु. असल्याचे म्हटले, १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन याने ते ३० रु. सांगितले, तर विल्यम डिग्बी याने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते पुष्कळच कमी दाखविले.

विसाव्या शतकात विद्यापीठे व संशोधनसंस्था हा नवा उपयोगकर्ता वर्ग पुढे आला. १९१८ मध्ये भीमराव आंबेडकर यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात शेतीविषयक अहवाल व आकडे यांची चिकित्सा केली व शेतीवर पडणारा लोकसंख्येचा भार उद्योगधंद्यांच्या वाढीने हलका करणे हा खरा उपाय असल्याचे प्रतिपादिले. पुण्यात १९३० मध्ये गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, तर कलकत्त्यात १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्र. चं. महालनोबीस यांच्याबरोबर ध. रा. गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीस प्रारंभ झाला. तिचा प्रमुख हेतू नियोजनास आकडे पुरविणे हा होता. परंतु त्याच पाहणीतील उपभोगखर्चाच्या आकड्यांवरून वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये असे दाखवून दिले, की १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सु. ४० टक्के व नागरी जनतेपैकी सु. ५० टक्के लोकांना किमान आहारही परवडत नव्हता. नियोजनाच्या यशाचे मोजमाप अशा रीतीने नियोजनाच्याच आकड्यांनी झाले.

काही उपयोग संकलनाच्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसतात. १९४७ ची फाळणीची सीमारेषा आखताना १९४१ च्या जनगणनेतील धर्मनिहाय आकडे आधारभूत धरले गेले. भाषावार प्रांतरचनेच्या वादात मातृभाषेचे तक्ते हे प्रमुख साधन झाले. बेळगाव सीमाप्रश्नात महाराष्ट्राने खेडे हा घटक धरून भाषिक बहुसंख्या पाहावी, अशी भूमिका घेतल्यामुळे गावनिहाय तक्त्यांस विशेष महत्त्व आले. १९३१ च्या जनगणनेतील जातवार आकडे जवळजवळ अर्धशतकानंतर मंडल आयोगाने १९८० च्या अहवालात इतर मागासवर्गीयांच्या लोकसंख्येचा अंदाज करण्यासाठी वापरले. भावी उपयोगकर्ता अज्ञात असल्याने जुने तक्ते जतन करणे हे प्रसिद्धीइतकेच आवश्यक ठरते.

छापील अहवालांची जागा प्रथम संगणकीय चकत्यांनी व नंतर संकेतस्थळांनी घेतल्यावर उपयोगकर्त्यांची संख्या व विविधता दोन्ही वाढली. भारत सरकारने २०१२ मध्ये माहितीच्या सामायिक वापराचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले व त्याच वर्षी सर्व खात्यांच्या माहितीसाठी एक समाईक संकेतस्थळ सुरू केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१६ मध्ये आपले संकेतस्थळ नव्याने सुरू केले. त्याच्या आखणीत तज्ज्ञ विश्लेषक, कामापुरती माहिती धुंडाळणारा आणि जिज्ञासू नागरिक असे उपयोगकर्त्यांचे प्रकार कल्पिले होते. या तिघांच्या गरजा परस्परभिन्न असतात. तज्ज्ञास मूळ नोंदी, नमुन्याची रचना व व्याख्यांतील बदल यांची माहिती हवी असते. पत्रकार, व्यापारी किंवा ग्रामसेवक यांस एखादाच ताजा आकडा त्वरित हवा असतो. सामान्य नागरिकास आपल्या गावाची स्थिती व त्या आकड्याचा अर्थ समजावयाचा असतो. केवळ तज्ज्ञासाठी मांडलेले तक्ते इतरांना दुर्बोध होतात, तर केवळ ठळक आकडे दिल्यास ते तपासून पाहण्याचे साधन नाहीसे होते. दादाभाईंना सरासरीतील चूक दिसली, ती तपशील छापलेला होता म्हणूनच.

आकडे कधीही न पाहणारी, परंतु त्यांचे परिणाम भोगणारी माणसे हा सर्वांत मोठा वर्ग होय. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमानुसार ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य द्यावयाचे असून त्यासाठी २०११ ची जनगणना आधारभूत धरण्यात आली. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने वाढलेली लोकसंख्या या हिशेबात आली नाही व त्या प्रमाणात अनेक कुटुंबे शिधापत्रिकेच्या लाभापासून दूर राहिली. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक २०२५ मध्ये अधिसूचित झाला. तसेच २०१७-१८ च्या उपभोगखर्च पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणास्तव प्रसिद्ध न करण्याचा निर्णय शासनाने २०१९ मध्ये जाहीर केला. त्यामुळे २०११-१२ नंतरचे आकडे २०२२-२३ ची पाहणी होईपर्यंत उपलब्ध झाले नाहीत आणि मधल्या काळातील दारिद्र्याचा वाद अप्रत्यक्ष अनुमानांवरच चालला.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये शासकीय सांख्यिकीची मूलभूत तत्त्वे संमत केली; २०१४ मध्ये आमसभेने त्यांस मान्यता दिली. सार्वजनिक माहिती मिळविण्याचा नागरिकांचा हक्क राखण्यासाठी ही आकडेवारी निःपक्षपातीपणे उपलब्ध करून द्यावी, असे त्यांतील पहिले तत्त्व आहे. शासन हा अनेक उपयोगकर्त्यांपैकी एक आहे, ही कल्पना त्यात गृहीत आहे. भारतात ती या तत्त्वांपूर्वी शंभराहून अधिक वर्षे सरकारी अहवालांच्या चिकित्सक वाचकांनी व्यवहारात आणली होती.