दारू सोडायची आहे? जवळची सभा अशी शोधा

दारूच्या व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्याला बहुधा अडचण येते ती पहिल्या पावलाची. रुग्णालयात जायचे की समुपदेशकाकडे? घरच्यांना काय सांगायचे? ओळखीचे कोणी भेटले तर? दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सादर केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. या दरीवरचा एक साधा, विनाशुल्क पूल म्हणजे स्वमदत गटांची सभा.

चळवळीचा उगम

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अर्थात ए.ए. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झाली. बिल विल्सन हे शेअर बाजाराशी संबंधित गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने पोखरलेले. एका व्यसनी माणसाने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलल्यास दोघांनाही दारूपासून दूर राहणे सोपे जाते, हा त्यांचा अनुभव. त्यातूनच पुढे बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आकाराला आला. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये पोहोचली.

सभेत काय घडते?

सभा साधारण तास-दीड तास चालते. चर्चचे सभागृह, शाळेचा वर्ग, रुग्णालयाची खोली अशा साध्या जागी ती भरते. कोणी सदस्य आपला अनुभव सांगतो, इतर ऐकतात. मध्येच सल्ला देणे, उलटतपासणी करणे असा प्रकार नसतो. नवख्याने बोललेच पाहिजे, असेही नाही. शुल्क नाही, सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून खर्च भागतो. सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. पूर्ण नाव सांगावे लागत नाही आणि कोण आले होते, काय बोलले, हे बाहेर न्यायचे नाही, असा संकेत आहे. कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख येत असला तरी त्याचा अर्थ ज्याने-त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लावावा, अशी मुभा आहे.

सभा शोधावी कशी?

ए.ए.च्या भारतातील कार्यालयाच्या संकेतस्थळावर शहरानुसार गटांची माहिती मिळते. पत्ता व वेळ बदलण्याची शक्यता असल्याने निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करावी. सभा ‘खुली’ आहे की ‘बंद’, हेही विचारावे. खुल्या सभेला नातेवाईक, विद्यार्थी कोणीही बसू शकतो; बंद सभा केवळ व्यसनमुक्त होऊ इच्छिणाऱ्यांसाठी असते. भाषेचीही चौकशी करावी. मन मोकळे करायचे तर आपल्या भाषेतला गट बरा. एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असल्यास दूरध्वनीवर बोलणाऱ्या सदस्यालाच दारापाशी भेटण्याची विनंती करता येते. प्रवास शक्य नसलेल्यांसाठी ऑनलाइन सभांचाही पर्याय आहे.

केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आणि मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेले कृपा फाउंडेशन या संस्थांकडेही चौकशी करता येईल.

आधी डॉक्टर, मग सभा

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हात थरथरणे, झटके येणे, भास होणे, प्रसंगी जिवावर बेतणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांत घडू शकतात. अशा व्यक्तीने वैद्यकीय देखरेखीखालीच दारू थांबवावी. सभा हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. उपचार संपल्यावर घरी परतलेल्या माणसाला जुने मित्र, जुने गुत्ते खुणावतात, तेव्हा सभेचा खरा उपयोग होतो. विविध अभ्यासांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला कोक्रेन आढावाही हेच सुचवतो: ए.ए.कडे वळवणाऱ्या पद्धतशीर उपक्रमांमुळे सलग दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण अन्य मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा अधिक आढळले.

घरच्यांसाठीही जागा

पिणारा सभेला यायला तयार नसेल, तर घरच्यांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बिल विल्सन यांच्या पत्नी लोईस यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये उभी राहिलेली ‘अल-अ‍ॅनॉन’ ही संघटना कुटुंबीयांसाठीच आहे. नवऱ्याच्या बाटल्या लपवणे, कार्यालयात त्याच्या आजारपणाची खोटी कारणे कळवणे, उसनवारी फेडत राहणे यांत अनेकींची वर्षे खर्ची पडतात. दारू आपल्यामुळे सुरू झाली नाही आणि आपल्या धाकाने ती सुटणारही नाही, ही जाणीव त्यांना येथे होते.

पहिली सभा रुचली नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. मध्येच घसरण झाली, पुन्हा प्याला हाती आला, तरी सभेचे दार बंद होत नाही. आयुष्यभराची शपथ घेण्याचा आग्रह तेथे कोणी धरत नाही. आजचा दिवस दारूविना काढायचा, एवढेच सांगितले जाते. उद्याचे उद्या.