घटकनामांकन (किकॅड)

पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) आराखड्यातील सुट्या भागांना नावे व क्रमांक देण्याची रूढ पद्धत. असे आराखडे करण्याच्या किकॅड या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे काम ज्याँ-पिएर शरास यांनी १९९२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे सुरू केले. २०१३ पासून सर्न या संशोधनसंस्थेचाही त्याला हातभार लागला. किकॅडमध्ये एका साध्या रेझिस्टरलाही तीन नावे असतात : आराखड्यातील क्रमांक, लायब्ररीतील चिन्हाचे नाव आणि बोर्डावर तांब्याचे पॅड कुठे पडतील हे ठरवणाऱ्या फुटप्रिंटचे नाव.

क्रमांकांची अक्षरे बव्हंशी अमेरिकी वळणाची, म्हणजे आयईईई ३१५ (१९७५) आणि पुढे एएसएमई वाय१४.४४ या मानकांतली आहेत. रेझिस्टरला आर, कपॅसिटरला सी, डायोडला डी हे ओघाने येते. ट्रान्झिस्टरला क्यू, आयसीला यू आणि क्रिस्टलला वाय मात्र पाठच करावे लागते. कनेक्टरबाबत हमखास गफलत होते. पिनांचा तो पी आणि भोकांचा तो जे, असे नाही; जागेवर घट्ट बसवलेला तो जे आणि हलणारा तो पी. एलएम३५८ मधले दोन ऑप-अँप यू१ए व यू१बी म्हणून कागदावर दूरदूर काढता येतात, पण चिप एकच असल्याने क्रमांकही एकच राहतो.

खरी जोखीम फुटप्रिंटच्या नावात असते. ०६०३ म्हटले की इंची मापात भाग १.६ × ०.८ मिमी.चा होतो, तर मेट्रिक मापात ०.६ × ०.३ मिमी.चा, हाच दुसरा इंचीत ०२०१ म्हणवतो. म्हणून किकॅड ‘आर_०६०३_१६०८मेट्रिक’ असे दुहेरी नाव देते. नाव लांबते, पण खरेदी करणाऱ्याला विचारत बसावे लागत नाही. आयपीसी-७३५१ या मानकात तेच ‘आरईएससी१६०८एक्स५५एन’ असे होते. त्यातले ५५ म्हणजे ०.५५ मिमी. उंची आणि एन म्हणजे पॅडांचा मध्यम आकार. मानक म्हणून ते चोख असले, तरी वाचायला किकॅडचेच सोपे.

ट्रान्झिस्टरच्या सामान्य चिन्हात पिनांचा क्रमच नावात गुंफलेला असतो : ‘क्यू_एनपीएन_सीबीई’ म्हणजे पिन १ कलेक्टर, २ बेस, ३ एमिटर. बीसी५४७ ला ते लागू पडते. २एन३९०४ चा क्रम नेमका उलटा, ईबीसी. आवरण मात्र दोघांचे टीओ-९२. चिन्ह तेच ठेवून केवळ भागाचे नाव बदलले, तर पिनांचे आकडे फुटप्रिंटशी जुळतातच, त्यामुळे सॉफ्टवेअरची कोणतीही नियमतपासणी तक्रार करत नाही.