नाणेघाटाच्या वाटेवरील राजनय



इतिहासावर बोलण्याचा अधिकार पदवीने मिळत असेल, तर तो आम्हांस नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज येथे पंडिताचे विवेचन नाही. विद्यार्थ्यांबरोबर दोन दिवस हिंडताना जे मनात आले, ते आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

यंदा होळीनंतर मुंबईहून विद्यापीठातले वीसेक विद्यार्थी शहापूर-मुरबाडकडे आले. त्यांचा विषय सांस्कृतिक राजनय. म्हणजे सैन्य आणि पैसा यांच्या बळावाचून, कला, भाषा, आचारविचार यांच्या द्वारे परराष्ट्रांशी स्नेह जोडण्याची विद्या. मुरबाडच्या कारखान्यांमुळे हा मुलूख आमच्या पायाखालचा, म्हणून त्यांच्या अध्यापिकाबाईंनी आम्हांस वाटाड्या म्हणून बोलाविले. आम्ही म्हटले, "बाई, वकिलाती दिल्लीला असतात. आमच्या रानात मुलांना काय दाखविणार?" बाई म्हणाल्या, "आधी चला तर खरे."

पहिल्या दिवशी आसनगावाहून माहुलीच्या पायथ्याशी गेलो. १६३६ साली याच किल्ल्यात शहाजीराजे कोंडले गेले. बाहेर मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान. ज्या बाल निजामशहाला गादीवर बसवून राजांनी राज्य सावरून धरले होते, तो मूल स्वाधीन करावा लागला, आणि राजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. आम्ही मुलांना सांगितले की, हाही राजनयच. पण वेढ्याच्या आत बसून केलेला. संपात आम्ही असे तह पुष्कळ केले आहेत. धान्य संपत आले की कलमे कोण लिहितो, ते आम्हांस ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढलो. कल्याणच्या बंदरातून जुन्नर-पैठणकडे जाणारी ही सातवाहनांची वाट. पायथा मुरबाड तालुक्यात, माथा जुन्नरच्या हद्दीत. वरच्या गुहेत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्रख्यात लेख आहे. तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, गावे, कार्षापण. आपल्या अंकांची फार जुनी रूपे येथे सापडतात. मागच्या भिंतीवर राजकुळाच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. त्यांत एक नाव महारठी त्रनकयिर याचे आहे. हा राणीचा पिता, असे विद्वान मानतात. राजाने आपल्या कुळाच्या रांगेत सासऱ्याला उभे केले, म्हणजे सोयरिकीने जोडलेली सत्ता भर रहदारीच्या घाटात जाहीर केली. बाहेर दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात.

एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, घाट कोणी खोदला, ते लेखात आहे का?" आम्हांस हा प्रश्न फार आवडला. नाही, ते नाव तेथे नाही. ओझी वाहणाऱ्यांचेही नाही. परंतु जुन्नरच्या लेण्यांत बांबूचे काम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची नावे कोरलेली आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या धंद्याचे पूर्वज तेथे होते, हे वाचनालयात प्रथम वाचले त्या दिवशी आम्ही घरी जाऊन मुलांना ते दोनदा सांगितले.

त्याच लेण्यांत यवनांचीही नावे आहेत. यवन म्हणजे ग्रीक की पश्चिमेकडचा कोणीही परदेशी, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. आणि ही दाने त्यांनी नोंदविली ती येथल्या प्राकृतात, येथल्या ब्राह्मीत, येथल्या रीतीने. व्यापाऱ्याला सद्भाव हवा असतो, यात संशय नाही. तरी त्याने आपली मूर्ती उभारली नाही. तहानलेल्याला पाणी दिले.

उलट बाजूही मुलांना सांगितली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणची नोंद आहे. पूर्वीच्या राजवटीत ते रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता पालटली, आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सत्तेच्या झगड्यात बंदर अडले. टाकी राहिली.

स्वतंत्र भारताने हे कार्य हाती घेतले ते १९५० साली. मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. पण याचे आमच्याजवळचे उदाहरण परिषदेच्या दप्तरात शोधावयास नको. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा 'लग्नगडी' तेथे होता. त्याच वारल्यांपैकी गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. भास्कर कुलकर्णींनी त्यांची चित्रे दिल्लीपर्यंत पोचविली, आणि १९८९ साली ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. गंजाड २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती रेघ आज भारताची ओळख म्हणून जगभर मिरवते. उठावापासून पॅरिसपर्यंत अवघी चव्वेचाळीस वर्षे! जो वेठीला धरलेला आहे, त्याची कला परदेशी दाखविता येते. पण तो स्वतः तेथे ताठ उभा राहू शकत नाही. आधी वेठ सुटली, हे आम्ही मुलांना ठासून सांगितले.

परतताना शहापूरच्या वाटेने आलो. एका पाड्यावर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागली होती. याच तालुक्यात तानसा आहे. तिचे धरण १८९२ साली पुरे झाले. याच तालुक्यात भातसा आहे. येथले पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना जाते. एका मुलीने गाडी थांबवावयास लावली. ती रांगेतल्या आजीबाईंशी बोलून आली, आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "काका, इरिल परका होता ना?"

आम्ही "हो" म्हटले. त्यापुढे काय बोलावे, ते आम्हांस सुचले नाही.

श्रोतेहो, आज या सभागृहात आपण जे पाणी प्यालो, ते बहुतेक त्याच खोऱ्यांतले असेल. परदेशी पाहुण्यांना वारली चित्र भेट देताना आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. परंतु पाड्यावरच्या माणसांशी आपल्या शहराचा संबंध कसा आहे, हेही कोणी विचारील. उन्हाळा अजून सरलेला नाही. ज्यांना चालवते त्यांनी एका रविवारी नाणेघाट चढावा, आणि येताना शहापूरवरून यावे. वाट दाखवावयास आम्ही येऊ.