पालथं करून नंबर वाचा

नव्वदीच्या शेवटी हाटपिपल्याला आमच्या घरी अमेरिकेतल्या भावाने मुलांसाठी सोनीचं प्लेस्टेशन पाठवलं. सिंगापूरहून आलेली जपानी सीडी मात्र त्यात चालेना. अस्सल सीडीवर प्रदेशाचा छुपा संकेत असे; तो जुळला तरच गेम सुरू. हा संकेत परस्पर पुरवणारी चिप आत बसवायचे. तिने नकली सीड्याही चालत, धंदा खरा त्यावरच फोफावला.

कुठल्या यंत्राला कुठली चिप, हे खालच्या लेबलावरून कळे. शेवटचा आकडा ० म्हणजे जपान, १ अमेरिका, २ युरोप. आमचं ५५०१. चेकचे नंबर बघण्यात जन्म गेला, मला हे छान जमलं! १९९५ च्या १००१ ला मागे टीव्हीच्या तारांची गोल भोकं. ९००१ ला मागचा रुंद पॅरलल पोर्टच नाही. पण सोल्डरच्या जागा ठरतात आतल्या बोर्डावरून: ५५०१ ला पीयू-१८, ७५०१ ला पीयू-२२. म्हणून खोलून बोर्डाचा नंबर वाचावाच. पुढे काही गेम चिप ओळखून अडू लागले, तेव्हा काम झालं की गप्प बसणाऱ्या चिपा निघाल्या.

कुणाच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आणि हो, अमेरिकेचं असेल तर ते १२० व्होल्टचं, आपल्या प्लगात थेट घालू नका.