शिसेविरहित शिकारी गोळी आणि कॅलिफोर्नियाचा काँडोर : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

बंदुकीच्या गोळीसाठी शिसे हा धातू शतकानुशतके वापरला गेला. तो जड, मऊ व स्वस्त आहे आणि ३२७ अंश सेल्सियस तापमानाला वितळत असल्याने साध्या शेगडीवरही त्याच्या गोळ्या ओतता येत. शिसे विषारी आहे हे मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक होते. परंतु सावजाच्या देहात राहिलेले शिसे ते मांस खाणाऱ्या पक्ष्याचाही बळी घेते, हे लक्षात येण्यास फार काळ जावा लागला. पर्यायी तंत्र उपलब्ध होणे आणि समाजाने ते स्वीकारणे या दोन भिन्न ऐतिहासिक प्रक्रिया आहेत, हे शिसेविरहित गोळीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

घन धातूच्या गोळीचा उगम

गोळीचा वेग वाढू लागला तसे मऊ शिसे नळीतील आट्यांत टिकेनासे झाले. स्वित्झर्लंडचे एदुआर्द रुबिन यांनी १८८२ मध्ये शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण चढविले. फ्रान्सच्या सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेल्या 'बाल डी' या गोळीत तर शिशाचा गाभाच नव्हता; ती संपूर्णतः तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची होती. मात्र तिचा हेतू लांब पल्ला हा होता. शिकारीत गोळी सावजाच्या देहात उमलणे आवश्यक असते. त्यामुळे टोकाशी उघडे शिसे ठेवलेली आवरणयुक्त गोळीच तेथे प्रचलित राहिली.

अमेरिकेतील बार्न्स या गोळ्या बनविणाऱ्या कंपनीचे रँडी ब्रुक्स यांना १९८५ मध्ये अलास्कात अस्वलाच्या शिकारीवर असताना शिशाचा गाभा पूर्णपणे वगळण्याची कल्पना सुचली. १९८९ मध्ये त्यांची घन तांब्याची 'एक्स' गोळी बाजारात आली. तिच्या टोकातील पोकळीमुळे आघातासरशी चार पाकळ्या उमलतात, पण गोळीचे वजन जवळजवळ कायम राहते. सावजाच्या देहात खोल शिरणारी गोळी तयार करणे हा या शोधाचा उद्देश होता; निसर्गरक्षणाशी त्याचा संबंध नव्हता. या गोळीला मर्यादाही होत्या. तांब्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ८.९ ग्रॅम, तर शिशाची ११.३ ग्रॅम असल्याने त्याच वजनाची गोळी अधिक लांब करावी लागे, तसेच नळीत तांब्याचा थर साचे. २००३ मध्ये गोळीभोवती खाचा पाडून हा दोष बराचसा दूर करण्यात आला.

काँडोर आणि शिशाचा पुरावा

१९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडोर या महाकाय गिधाडाची संख्या अवघ्या २२ वर आली होती. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षीही पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेण्यात आला. १९९२ पासून पक्षी पुन्हा निसर्गात सोडले जाऊ लागले. पण शिकाऱ्यांनी रानात टाकलेली आतडी खाऊन ते शिसेबाधेने मरू लागले. काँडोरची मादी एका वेळी एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. त्यामुळे एका प्रौढ पक्ष्याचा मृत्यूही या जातीला परवडणारा नव्हता.

२००६ मध्ये दोन महत्त्वाचे पुरावे पुढे आले. शिशाच्या समस्थानिकांच्या तुलनेवरून पक्ष्यांच्या रक्तातील शिशाचा मुख्य स्रोत दारूगोळा असल्याचे दिसून आले. दुसऱ्या अभ्यासात शिसेयुक्त गोळीने मारलेल्या हरणांच्या आतड्यांच्या २० ढिगांचे क्ष-किरण छायाचित्रण करण्यात आले. त्यांपैकी ९० टक्के ढिगांत धातूचे तुकडे आढळले. काहींत त्यांची संख्या २०० हून अधिक होती. याउलट तांब्याच्या गोळीने मारलेल्या ४ हरणांत मिळून केवळ ६ तुकडे सापडले.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कायदा करून जुलै २००८ पासून काँडोरच्या अधिवासात मोठ्या सावजासाठी शिसेयुक्त गोळीवर बंदी घातली. २०१३ च्या कायद्याने ही बंदी १ जुलै २०१९ पासून सर्व वन्यजीवांच्या शिकारीसाठी राज्यभर लागू झाली. किंमत, उपलब्धता आणि 'हा शिकारच बंद करण्याचा डाव आहे' ही शंका यांवरून बंदूकधारकांच्या संघटनांनी विरोध केला. ॲरिझोनाने २००५ पासून वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे काँडोरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसे मोफत देऊन स्वेच्छेने बदल घडविण्यावर भर दिला गेला.

तथापि, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पहिल्या बंदीनंतरही शिसेबाधा थांबली नव्हती. काँडोर अन्नाच्या शोधात दूरवर संचार करतो आणि एकच दूषित मृतदेह अनेक पक्ष्यांना पुरतो. त्यामुळे नियमाचे तुरळक उल्लंघनही घातक ठरते. केंद्रीय पातळीवर तर जानेवारी २०१७ मध्ये काढलेला शिसेनिर्बंधाचा आदेश मार्चमध्येच रद्द झाला. डेन्मार्कने मात्र एप्रिल २०२४ पासून शिकारी गोळ्यांतील शिशावर देशव्यापी बंदी लागू केली.

निष्कर्ष

शिसेविरहित गोळी शिकाऱ्याच्या गरजेतून जन्मली. पर्यावरणीय महत्त्व तिला नंतर प्राप्त झाले. १९८९ मध्ये उपलब्ध झालेले तंत्र २०१९ मध्ये राज्यव्यापी सक्तीपर्यंत पोहोचले. मधल्या तीस वर्षांत प्रश्न धातूचा कमी आणि सवयीचा व परस्परविश्वासाचा अधिक होता. आज काँडोरची एकूण संख्या ५०० च्या पुढे गेली असली तरी शिसेबाधा हेच मुक्त पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. कायदा बंदी घालू शकतो. परंतु दूर रानात बंदुकीत कोणती गोळी भरायची, याचा निर्णय अखेर एकट्या शिकाऱ्याच्याच हाती राहतो.